विहिरीत रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही सकाळी ओटी (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) निगेटिव्ह का येते?

उपकेंद्र_सीएचओ
एका वाडीत सार्वजनिक विहिरीवर साधारण 60 घरं पाणी भरतात. विहीर गोल, व्यास 4 मीटर. मे महिन्यात 2 मीटर पाणी होतं, आता 6 मीटर आहे. जलसुरक्षक रोज संध्याकाळी 125 ग्रॅम टीसीएल टाकतात. सकाळी ओटी केली तर पिवळा रंग येतच नाही. आठवड्यात जुलाबाचे 7 रुग्ण झाले, त्यातले 4 पाच वर्षांखालचे. टीसीएल वाढवायची तर किती? आणि घरभेटीत सिस्टर व आशाताईंनी नेमकं काय बघायचं?

पाणी_तपासनीस
125 ग्रॅम हा मे महिन्याचा हिशेब आहे. व्यास × व्यास × पाण्याची खोली × 785 केलं की लिटर मिळतात. मेमध्ये 25,120 लिटर होते, आता 75,360. हजार लिटरला 5 ग्रॅम धरले तर आज 375 ग्रॅमच्या आसपास लागतील, म्हणजे तिप्पट. खोली काठापासून मोजू नका. दोराला दगड बांधून तळाला टेकवा आणि दोराचा ओला भाग मोजा. पावसाळाभर हे दर आठवड्याला करावं लागतं.

टाकण्याची पद्धतही बघून घ्या, कोरडी पावडर वरून भुरभुरवली तर उपयोग होत नाही. प्लास्टिकच्या बादलीत एका वेळी 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, म्हणजे तुमच्याकडे चार बादल्या. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून पातळ लगदा करायचा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं. 5 ते 10 मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-उभी फिरवायची. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. नाकाला रुमाल बांधून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. त्यानंतर किमान एक तास कुणी पाणी शेंदू नये.

साठवण_बघा
हिशेब बरोबर असूनही पावडर मेलेली असेल तर ओटी निगेटिव्हच येणार. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली किंवा ऊन लागलं की तो झपाट्याने उतरतो. ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीला टेकवलेलं पोतं हे नेहमीचं दृश्य! झाकणाचा प्लास्टिकचा डबा, अंधारी कोरडी जागा आणि उघडल्याची तारीख वर लिहिलेली, एवढं तरी हवं. 20 टक्क्यांखाली आलेली पावडर बदलून घ्या.

आत्ता खात्री करायची तर हॉरॉक्स संच काढा, पाण्याला किती टीसीएल लागेल ते त्याने कळतं. काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे 2 ग्रॅम, पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी भरा. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घ्या आणि त्यांत काळ्या कपातल्या निवळ पाण्याचे अनुक्रमे 1 ते 6 थेंब टाका. ढवळून अर्धा तास थांबा, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे 3 थेंब. पहिल्यांदा ज्या कपात स्पष्ट निळा रंग दिसेल त्याचा क्रमांक × 2 ग्रॅम, ही 455 लिटरची मात्रा. पहिल्याच कपात निळा आला तर तुमच्या विहिरीला सुमारे 330 ग्रॅम, दुसऱ्यात आला तर 660. गढूळ पाणी क्लोरीन खातं आणि ते यात आपोआप धरलं जातं, म्हणून पावसाळ्यात मला 5 ग्रॅमच्या ठोकताळ्यापेक्षा हाच आकडा खरा वाटतो.

सामुदायिक_नर्सिंग
विहीर सुधारेपर्यंत घरात जाणारं पाणी थांबत नाही, त्यामुळे घरभेटी आजपासूनच. ओटी विहिरीवर करता तशी घरातल्या माठावरही करा. टीसीएल टाकल्यावर तासाभराने विहिरीत लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन आणि घरात निदान 0.2 दिसायला हवा. विहिरीत आहे आणि माठात नाही, तर भांडं अस्वच्छ आहे किंवा हात बुडतोय. ओगराळं आहे का, झाकण आहे का, हे विचारू नका, बघा. क्लोरीनची 0.5 ग्रॅमची गोळी 20 लिटरला पुरते. गढूळ पाणी आधी दुपदरी फडक्याने गाळून घ्यायला सांगा.

सातही रुग्णांची लाइन लिस्ट करा: वय, जुलाब सुरू झाल्याची तारीख, पाणी कुठलं. वाडीच्या नकाशावर घरं टिंबांनी दाखवा. बोअरचं पाणी पिणाऱ्या घरांत रुग्ण नसतील तर संशय विहिरीवर पक्का होतो. प्रत्येक मुलाला ओआरएस, पाकीट एक लिटरमध्येच, कालवलेलं 24 तासांत संपवायचं. झिंक 14 दिवस: सहा महिन्यांवर 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10. जुलाब थांबले की आया झिंक बंद करतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा त्या घरी जा. एखाद्या मोठ्या माणसाला पेजेसारखे जुलाब होऊन डोळे खोल गेले तर कॉलरा धरून चाला: अँटिबायोटिकच्या आधी शौचाचा नमुना, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवणं.

उपकेंद्र_सीएचओ
धन्यवाद. ओटीचा रंग नेमका कधी वाचायचा? काही जण दहा-पंधरा मिनिटं थांबतात.

पाणी_तपासनीस
मोकळा क्लोरीन हवा तर 10 सेकंदांच्या आत. नंतर गडद होणाऱ्या रंगात संयुक्त, म्हणजे पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला क्लोरीनही येतो. लोह जास्त असलं तरी खोटा पिवळेपणा दिसतो. चाचणीचं पाणी विषारी असतं, ते विहिरीपासून लांब ओता. आज संध्याकाळी टाकल्यावर तासाभराने एक वाचन घ्या आणि सकाळी दुसरं. तासाभराने निगेटिव्ह तर मात्रा किंवा पावडर कमी. तासाभराने पिवळा आणि सकाळी गायब, तर रात्रीतून झऱ्यांचं किंवा वरून वाहून येणारं पाणी आत शिरतंय. तसं असेल तर कठडा, ओटा आणि नालीची तड बघा, 15 मीटरच्या आत शौचालयाचा खड्डा किंवा उकिरडा आहे का तेही. साथ आटोक्यात येईपर्यंत पहाटे, पाणी भरायला लोक येण्याच्या तासभर आधीही टीसीएल टाका.