'स्क्रीनप्ले'ला 'पटकथा' म्हटलं, तर संवाद कुणाचे?

कच्चा_खर्डा
नाट्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी इंग्रज नाटककार आणि पटकथाकार रॉबर्ट बोल्टचा (१९२४–१९९५) दोन पानी परिचय लिहिते आहे. यादीत 'डॉक्टर झिवागो (१९६५) : पटकथा' असं लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, "आणि संवाद?" इंग्रजी श्रेयनामावलीत 'स्क्रीनप्ले' हा एकच शब्द आहे, संवाद त्यातच आले. आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशी तीन श्रेयं असतात, कित्येकदा तीन वेगळ्या माणसांची. नुसतं 'पटकथा' वाचून वाचक समजणार की संवाद दुसऱ्याचे, आणि बोल्टची खरी ताकद तर संवादांत. काय लिहावं?

विंगेतून
'पटकथा-संवाद' लिहा. 'झिवागो'ची कथा पास्तरनाकच्या कादंबरीची, बाकी दोन्ही बोल्टचं, आणि त्याचं ऑस्करही त्यालाच मिळालं.
मात्र 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ला (१९६२) तेच चिकटवू नका. त्याचे आधीचे खर्डे मायकेल विल्सनचे. विल्सन हॉलिवूडच्या काळ्या यादीतला, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांपैकी. प्रसंगांची मांडणी बरीचशी त्याची, संवाद जवळजवळ सगळे बोल्टने नव्याने लिहिले, आणि पडद्यावर नाव आलं एकट्या बोल्टचं. पुढे ब्रिटिश लेखक संघटनेने विल्सनला बरोबरीचा मान दिला. अमेरिकन अकादमीने त्याचं नामांकन मान्य केलं ते १९९५ साली. विल्सन १९७८ मध्येच गेला होता. इथे आपली वाटणी इंग्रजीपेक्षा नेमकी ठरते. पटकथा : विल्सन, बोल्ट. संवाद : बोल्ट.

तिसरी_घंटा
हे पटत नाही. श्रेय उतरवून घेणं हे अनुवादकाचं काम, वाटणं नव्हे. अमेरिकन लेखक संघटनेच्या नियमात दोन नावांमध्ये अँपरसँडचं चिन्ह असेल तर दोघांनी जोडीने लिहिलं, आणि अक्षरी 'अँड' असेल तर वेगवेगळं लिहिलं, असा अर्थ होतो. मराठीत दोन्हीला 'आणि'च. म्हणून आपण नवं श्रेय बनवायचं का? 'पटकथा' ठेवा आणि तळटीप द्या : 'यात संवादलेखन अंतर्भूत'. एकदाच, पहिल्या चित्रपटापाशी. प्रत्येक ओळीत दिलीत तर यादी वाचवणार नाही.

धातुपाठ
पटकथा आणि संवाद ही फोड आपल्या सिनेधंद्याची सोय आहे, ती शब्दाच्या अर्थात नाही. 'पट' म्हणजे पडदा, पटावर सांगायची कथा ती पटकथा. पात्रं बोलतात तेही त्यात आलंच. धंद्याने अर्थ आखडला म्हणून कोशानेही आखडावा का?
'नाटककार' मात्र जपून ठेवा, 'नाट्यलेखक' करू नका. 'प्लेराइट'मधला 'राइट' लिहिण्याचा नाही, घडवण्याचा आहे. चाकं घडवणारा तो 'व्हीलराइट'. आपला 'कार'ही तोच, कुंभकारातला, सुवर्णकारातला. शिवाय 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार'वरून आलेला. लाकडावर सूत धरणारा आणि नाटकाचं सूत्र धरणारा, शब्द एकच.

विंगेतून
बोल्टच्या थोरल्या नाटकात, 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मध्ये, सूत्रधारच आहे. नाटक थॉमस मोरचं, आठव्या हेन्री राजाने मागितलेली शपथ न घेतल्याने शिरच्छेद झालेल्या इंग्रज मुत्सद्द्याचं. त्याचं नाव कॉमन मॅन. वेशभूषेच्या पेटाऱ्यातून टोप्या काढून तोच एक नट कारभारी, नावाडी, खानावळवाला, तुरुंगरक्षक, ज्युरीचा म्होरक्या आणि शेवटी शिरच्छेद करणारा होतो. १९६०च्या लंडन प्रयोगात ही भूमिका लिओ मॅकर्नची होती. ब्रॉडवेवर आणि १९६६च्या चित्रपटात तोच क्रॉमवेल, म्हणजे मोरवर खटला चालवणारा राजाचा मंत्री, झाला. चित्रपटात कॉमन मॅन गाळला, कामं वेगवेगळ्या नटांना वाटली.

कच्चा_खर्डा
हो, तिथेही अडले आहे. 'सामान्य माणूस' लिहिलं की आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रातला चौकड्यांचा कोट डोळ्यापुढे येतो.

तिसरी_घंटा
आणि अर्थही उलटा होतो. लक्ष्मण यांचा माणूस मुकाट सोसतो. बोल्टचा बोलका आहे, जीव वाचवत प्रत्येक खेपेला थोडा थोडा विकला जातो. 'चारचौघांतला' म्हणा.

धातुपाठ
'सामान्य'च हवा! बोल्टने प्रस्तावनेत स्पष्ट केलंय की 'कॉमन' म्हणजे हलक्या दर्जाचा नव्हे, आपणा सर्वांमध्ये जे समाईक आहे ते. वैशेषिक दर्शनाचे पदार्थ आठवा : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. अनेकांत एकच असतं ते सामान्य. बोल्टला हवा तो अर्थ आपल्या शब्दात आधीपासून आहे.

तिसरी_घंटा
तो दर्शनात आहे, प्रेक्षागृहात नाही. तिकीट काढून आलेल्याला 'सामान्य' म्हणजे 'साधारण'च ऐकू येणार. बोल्टलाही इंग्रजीत हेच भोगावं लागलं, म्हणून तर प्रस्तावनेत खुलासा करावा लागला. तीच अडचण आपण जाणूनबुजून का ओढवून घ्यायची?

वकिली_मराठी
नाटकाचं नाव कसं लिहिताय? 'सर्व ऋतूंचा माणूस' करू नका. हा शब्दप्रयोग १५२० साली रॉबर्ट व्हिटिंटनने थॉमस मोरबद्दल लिहिला, तोही शाळकरी मुलांनी लॅटिनमध्ये भाषांतर करावं म्हणून. त्याआधी मोरचा विद्वान मित्र इरॅस्मस याने मोरबद्दल लॅटिनमध्ये जे लिहिलं त्यात 'होरा' आहेत, म्हणजे तास, घटका. 'आठही प्रहरांचा माणूस' मुळाच्या जास्त जवळ जातं.
खटल्याचा प्रवेश उद्धृत करणार असाल तर आणखी एक. मोर आधी लॅटिन न्यायसूत्र म्हणतो, मग ज्युरीच्या म्होरक्याकडे, म्हणजे कॉमन मॅनकडेच वळून ते सोप्या इंग्रजीत सांगतो. मराठीत आधी 'मौनं संमतिलक्षणम्', मग 'गप्प राहिला तो हो म्हणाला'. दोन्ही पायऱ्या ठेवा. नुसतं संस्कृत ठेवलंत तर लग्नाच्या बोलणीतलं वाक्य वाटतं आणि मोरचा बचाव निसटतो. गप्प राहिलो याचा कायद्याने अर्थ लावायचाच तर तो होकारच, नकार नव्हे, हा त्याचा मुद्दा आहे.

कच्चा_खर्डा
वकीलसाहेब, १९६१चा तुरुंगवासही लिहिते आहे. अण्वस्त्रविरोधी निदर्शनांवरून बोल्टला, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल वगैरेंबरोबर, 'बाउंड ओव्हर' व्हायला सांगितलं, त्याने नकार दिला. याला काय म्हणू?

वकिली_मराठी
शांतता राखण्याचं बंधपत्र. आपल्या फौजदारी संहितेत हे कलम १०७ होतं, आठव्या प्रकरणातलं, म्हणून पोलीस ठाण्यात 'चॅप्टर केस' म्हणतात. 'जामीन' लिहू नका. जामीन खटला चालू असताना, हे पुढच्या वर्तनाबद्दल. आणि फरक इथे फार महत्त्वाचा आहे. शिक्षा महिन्याची होती, 'लॉरेन्स'चं लेखन अपुरं होतं, निर्माता सॅम स्पीगेलने गळ घातली आणि बोल्टने मुदतीआधीच सही केली. शपथेवर सही न करता मरणाऱ्या मोरचं नाटक त्याने वर्षापूर्वीच रंगमंचावर आणलं होतं. ती सही त्याला कायम सलत राहिली. 'जामिनावर सुटला' म्हटलंत तर हे सगळं हरवेल.

धातुपाठ
'शपथ' की 'प्रतिज्ञा'? मोरला मागितली होती ती ओथ. शपथेत 'शप्' आहे, शाप देणे. खोटं बोललो तर माझ्यावर शाप. मोर नेमका यालाच भितो. न्यायालयात ईश्वराला साक्षी न ठेवणाऱ्याला प्रतिज्ञेवर सांगता येतं. तशी वाट मोरला असती, तर नाटकच घडलं नसतं.

तिसरी_घंटा
'शपथ'शी सहमत. 'सामान्य'शी नाही.

कच्चा_खर्डा
मजकूर उद्या छपाईला जातोय. 'पटकथा (संवादांसह)' असं टाकते आहे.

विंगेतून
'लॉरेन्स'पुढेही? मग विल्सनचं नाव कंसाच्या आधी की नंतर?