हॉटेलातली ‘आळणी’ म्हणजे बिनमिठाची का?

मंडळी एक शंका आहे. मी पुण्याकडचा, नोकरीमुळं लातूरला आलोय. मटणाचं चांगलं हॉटेल कुठलं म्हणून लोकांचे रिव्ह्यू वाचत होतो, तर एकानं लिहिलंय ‘आळणी एक नंबर, दोनदा मागितली’ आणि त्याच हॉटेलच्या खाली दुसरा म्हणतोय ‘सगळं आळणी, पैसे वाया’. आता आमच्या घरी अळणी म्हणजे मीठ विसरलेली भाजी, ती कोण मागून खाईल? यातला खरा कोण?

धाराशिवकर : दोघं बी खरे हेत भाऊ. पहिला भाऊ जी म्हणायलाय ती आळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण नुसतं शिजवायचं, तिखट नाही, मसाला नाही, मग वरचं पिवळं पाणी काढून घ्यायचं ती आळणी, आणि राहिलेल्याला काळा मसाला, खोबरं लावून रस्सा नाहीतर सुक्कं करायचं. हॉटेलात बसल्या बसल्या पहिल्यांदा वाटीत तीच येते, वर तुपाचे डोळे तरंगायलेत, थोडी मिरपूड, कोथिंबीर. मीठ असतंय बरं का, चांगलं असतंय! नसतंय ते तिखट. बोर्डावर ‘आळणी सूप’ असं बी लिहितेत, म्हणजे नवख्याला वाटावं काहीतरी सूप हाय.

बीडची ताई : शब्दकोशातला अर्थ मात्र मूळ प्रश्न विचारणारांचाच बरोबर. संस्कृत अलवण, म्हणजे लवण नसलेलं, त्यावरून अळणी. लोणचं पण लवणावरूनच आलंय. लोणी मात्र त्यातलं नाही, ते नवनीतावरून. पण मटणाच्या बाबतीत अर्थ मिठावरून सरकून तिखटावर गेलाय, आणि ते आपल्याकडं साहजिकच म्हणा, इथं तिखट नसलं की लोकांना मीठ असून बी जेवण अळणीच वाटतं. माझी आजी लेकरांसाठी आधी आळणी काढून ठेवायची, भाकरी त्यात चुरून द्यायची, मोठ्यांना नंतर जाळ रस्सा.

हिंगोलीवाला : आमच्या भागात हॉटेलात तर्री जास्त चालते, आळणी कोणी विचारत नाही फारसं. तर्री म्हणजे वरचं लाल तेल आलेला रस्सा, हिंदीतली तरी, ओलेपणा. मिसळीवर तर्री, भज्यावर बी तर्री. ‘दादा तर्री मार की थोडी’ म्हटलं की पोरगं पळीनं वरचंच तेल ओततंय. कोल्हापूरकडं यालाच कट म्हणतेत, पुण्यात सँपल. तुम्ही सँपल मागितलं तर इथं वेटर विचारेल कशाचं सँपल पायजे.

मूळ प्रश्नकर्ता : हा हा, मागितलं होतं एकदा, मिसळीबरोबर. त्यानं फरसाण आणून दिलं.

नांदेडकर : मुद्दा असा हाय की रिव्ह्यू लिहिणारांनी शब्द जरा नीट वापरावेत. मीठ नाही तर मीठ कमी म्हणा. मसाला फिक्का असेल तर सपक म्हणा, रस्सा पातळ ढोण असेल तर पाणचट म्हणा, आणि सगळंच बेचव असेल तर मिळमिळीत. हे चारी वेगळे हेत. आमच्या इकडं लोक सगळ्यालाच ‘काही दम नाही’ म्हणतेत आणि एक चांदणी देऊन मोकळे, मग मालकाला कळावं कसं की नेमकं काय कमी पडलं, मीठ वाढवू की मिरची?

बीडची ताई : सपक आणि मिळमिळीत मी तर एकच मानते.

नांदेडकर : नाही ताई. दूधभात सपक असतोय, वाईट नसतोय. मिळमिळीत म्हणलं की नाराजी आलीच. मिळमिळीत भाषण म्हणतेत, सपक भाषण कोण म्हणतंय?

बीडची ताई : हे पटलं.

धाराशिवकर : भाऊ तुम्ही जेवायला जाताल तेव्हा ‘आळणी हाय का’ एवढंच विचारा, गरम असतानाच प्या, गार झाली की वर चरबी धरते. आणि रस्सा-भाकरी आल्यावर सगळी आळणी संपवू नका, अर्धी ठेवा, तिखट लागलं तर रश्श्यात ओतायला कामी येते.