रीलपेक्षा चिठ्ठीने काम केलं
हापूस विकायला इन्स्टाग्रामवर पैसे टाकून जाहिरात करावी का, असं एकाने विचारलंय. आमची देवगडात छोटी बाग आहे. अनुभव असा की रील बघणारे उदंड, पेटी मागवणारे थोडे. ऑर्डरी येतात त्या व्हॉट्सॲपवरूनच.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. हे आम्हाला दोन सीझन कळलंच नव्हतं! पुण्याची अर्धी गिऱ्हाइकं गप्प का, म्हणून आम्ही आपले त्यांच्यावरच रुसलेले. आता प्रत्येक पेटीत नंबर छापलेली चिठ्ठी टाकतो, 'सेव्ह करा' लिहून.

व्हॉट्सॲप बिझनेस ॲपचा कॅटलॉग, म्हणजे मालाची फोटो-भावासकट यादी, फुकट आहे. त्यात डझनाच्या भावासोबत फळाचं वजनही टाका. फोटो स्वतःच्या आढीतलेच (आंबे पिकायला गवतात रचतात ती) हवेत, गवतासकट. कुठूनतरी उचललेला पिवळाधमक आंबा लोक ओळखतात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाचंच फळ असल्याची सरकारी ओळख) मिळालंय, तुमची त्यात नोंदणी असेल तर प्रोफाइलवर लिहा.

आणि फळात साका (आतला पांढरट, खराब गर) निघाला तर वाद न घालता पैसे परत करा. आमच्या एका गिऱ्हाइकाने त्याचंच स्टेटस ठेवलं, त्यावरून सात पेट्या खपल्या.