ऑपरेशनसाठी वर्गणी : आधी पैसे की आधी चौकशी?

कृष्णाकाठ (सांगली)
गल्लीच्या ग्रुपवर सारखी आवाहनं येतात. फोटो, क्यूआर कोड, ‘फूल ना फुलाची पाकळी’. परवा एका ऊसतोड बाईच्या हृदयाच्या झडपेसाठी आलं. कुणाला राग आला तरी चालेल, पण पैसे टाकण्याआधी विचारा : दवाखाना महात्मा फुले योजनेत आहे का? आजार यादीत असेल तर रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. मग वर्गणी कशाला?

जतकर
कागदावर सगळं सोपं असतं हो. ऊसतोडीवरच्या माणसाचं कार्ड गावात, त्यात सुनेचं नाव चढवलेलंच नसतं. ते निस्तरेपर्यंत पेशंट थांबतो का? आणि पेशंटपाशी बसणाऱ्याचा खाडा कुठली योजना भरून देते?

मिरज_जंक्शन
धर्मादाय रुग्णालयांचं कुणीच काढलं नाही. उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेप्रमाणे तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. खर्चासाठी इतर पेशंटांच्या बिलातले २ टक्के वेगळे काढायचे. म्हणजे वर्गणी आधीच गोळा झालेली असते! तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्या आणि तिथल्या समाजसेवकाला गाठा. सहजासहजी कुणी सांगत नाही, खनपटीला बसावं लागतं.
बाकी देणगीला नाक मुरडू नका. मिरजेचं दवाखान्यांचं गाव झालं ते वॉनलेस डॉक्टरांमुळे, आणि तेही ख्रिस्ती मिशनच्या, म्हणजे देणगीच्याच पैशावर आले होते.

कृष्णाकाठ
मिशनचा पैसा दवाखान्याला जायचा, दारात येईल त्याच्यासाठी. आपण फोटोला देतो. गोंडस पोर असलं की दोन दिवसांत रक्कम पुरी. हर्नियाच्या म्हाताऱ्याला कोण देतं?

तासगावची_ताई
हे मात्र खरं. मी तर रुग्णालयाच्या खात्यावरच भरते, तेही अंदाजपत्रक बघून. पण गरजेपेक्षा जास्त जमले तर उरलेल्याचं काय, हे एकाही आवाहनात नसतं.

जतकर
उरले तर उरू द्या, ताई. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. वरचेवर रक्त तपासायचं, त्यावर डोस ठरायचा. गोळ्या सुटल्या तर झडपेवर गाठ धरते. ऑपरेशनला धावणारे त्या गोळ्यांना कुठे असतात?
कृष्णाकाठ, ती बाई कुठल्या दवाखान्यात आहे ते टाका. योजनेत असेल तर उद्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, भेटतो. तोवर माझे पाचशे धरा.