क्लबफूटचे बूट: बाळ रात्रभर रडतंय, काय करू?

साताऱ्याची आई: बाळ 3 महिन्यांचं आहे, दोन्ही पायांना क्लबफूट (जन्मापासून पाऊल आत वळलेलं), प्लास्टर झाली, टाचेमागची शीर (स्नायूबंध) पण कापून झाली, आता बूट आणि मधे दांडी असलेला ब्रेस दिलाय 23 तास घालायला. रात्रभर रडतंय ओ, टाचेवर लाल पण झालंय. सासूबाई म्हणतात पाय सरळ झालेत की, आता कशाला छळताय लेकराला. रात्री काढून ठेवला तर चालेल का?

नाशिककर बाबा: अजिबात काढू नका ताई!! पाय परत वळतो तो बहुतेक ब्रेस नीट न घातल्यामुळेच. सुरुवातीचे दिवस सगळीच पोरं रडतात. त्याचे दोन्ही पाय धरून एकत्र वरखाली हलवायचा खेळ खेळा, एकेक पाय हलवता येत नाही म्हणून चिडतात ती.

फिजिओ ताई: फिकट गुलाबी असेल आणि थोड्या वेळात जात असेल तर ठीक, पण गडद लाल किंवा फोड म्हणजे बहुधा टाच बुटात वर सरकतेय. मग पट्टा सैल नाही, उलट एक भोक घट्ट करायचा. पातळ सुती मोजे घाला, लाल जागेवर तेल क्रीम काही नको. फोड आला तर मात्र लगेच दाखवा. 23 तास साधारण 3 महिनेच, नंतर फक्त झोपेत, पण 4 वर्षांपर्यंत. सासूबाईंना पुढच्या वेळी ओपीडीला सोबत न्या, डॉक्टरांनी सांगितलं की पटतं.

साताऱ्याची आई: थॅंक्यू, पट्टा मी सैलच ठेवत होते. बूट लहान झाले की परत विकतच घ्यायचे का?

नाशिककर बाबा: जिल्हा रुग्णालयात डीईआयसीला (लहान मुलांच्या तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) बूट मिळतात का विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट येतो.