पोरगं पडलं म्हणून बॉल बाहेर मारला, समोरच्यांनी परत न देता गोल केला. तक्रार करता येते का?

रंकाळा_काठ
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, मुलगा फुटबॉलच्या अंडर १३ लीगमध्ये मिडफिल्डला खेळतो. रविवारची मॅच १-१ होती आणि शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असतील. समोरच्या टीमचं एक पोरगं पाय मुरगळून पडलं, बॉल आमच्याकडे होता, लेफ्टला आमचा विंगर एकटा सुटलेला, पास दिला असता तर चान्स पक्का होता, पण माझ्या मुलानं पडलेल्याला बघून बॉल सरळ बाहेर मारला. रेफ्रींनी शिट्टी मारली नव्हती. मग त्या मुलाला मैदानातच स्प्रे मारला, तो उठून उभा राहिला, थ्रो (बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकायचा तो) त्यांचा होता, आणि अशा वेळी बॉल परत द्यायची रीत असते म्हणून आमची पोरं निवांत उभी असताना त्यांनी थ्रो आपल्याच प्लेयरला टाकला, दोन पास आणि गोल. २-१ ने हरलो. नंतर दोन्हीकडचे पालक लाईनच्या आत घुसले, बारक्या पोरांसमोर जी भाषा निघाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. आणि आमच्या कोचनी पोरांना गोळा करून सांगितलं की इथून पुढं कोण पडला तरी बघायचं नाही, खेळत राहायचं. मुलगा घरी आल्यापासून एकच विचारतोय, मी बॉल बाहेर मारायला नको होता का. हा गोल नियमात बसतो का, लीगकडे प्रोटेस्ट देऊन काही होईल का, आणि पोराला मी काय सांगू?

शिट्टीवाला
शाळा आणि क्लबच्या मॅचेसला रेफ्री म्हणून उभा राहतो, म्हणून आधी नियमाचं सांगतो. गोल शंभर टक्के बरोबर आहे. तुमच्या मुलानं बॉल बाहेर मारला म्हणजे थ्रो त्यांचा, आणि तो परत द्यायचा असं नियमांच्या पुस्तकात कुठेही नाही, ती खेळाडूंनी पाळलेली रीत आहे. प्रोटेस्टनं काही होणार नाही, गोल झाला की नाही याबद्दल रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो.
पण जे घडायला हवं होतं ते नियमातच आहे आणि ते फार कमी पालकांना (आणि खरं तर कोचना पण) माहीत असतं. दुखापत गंभीर वाटली तर खेळ थांबवायचा अधिकार रेफ्रीचा आहे. समजा तुमच्या टीमकडे बॉल असताना रेफ्रींनी शिट्टी मारली असती तर खेळ ड्रॉप बॉलनं (रेफ्री हातातला बॉल खाली टाकतो) सुरू झाला असता, आणि २०१९ पासून ड्रॉप बॉल एकाच टीमच्या एका खेळाडूला मिळतो, इथे बॉल ज्यांच्याकडे होता त्यांना, बाकी सगळ्यांनी चार मीटर लांब थांबायचं. पूर्वी दोघं समोरासमोर उभे करून मध्ये बॉल टाकायचे, ते गेलं. म्हणजे बॉल तुमचाच राहिला असता आणि परत द्यायचा-घ्यायचा प्रश्नच आला नसता. अजून एक, मैदानात उपचार घेतले की त्या खेळाडूनं बाहेर जायचं आणि खेळ सुरू झाल्यावर रेफ्रीच्या इशाऱ्यानं आत यायचं असतं. तो तिथंच उभा राहिला असेल तर तेही राहून गेलं. मी स्वतः लहान पोरांच्या मॅचला कोणी पडून उठेना की लगेच वाजवतो, कारण बारा वर्षाच्या पोरावर हा निर्णय टाकणं मला पटत नाही.

पेठेतला_राईटबॅक
सर नियम मान्य, पण सगळं नियमावर सोडलं तर मग खेळ कशाला म्हणायचा. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला तालमींच्या (म्हणजे पेठांतल्या क्लबांच्या) मॅचेसला जी ईर्ष्या असते ती बघतच आपण मोठे झालो, मला ती लई आवडते, पण ती अंडर १३ मध्ये कशाला आणायची? २०१७ च्या अंडर १७ वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव खेळला, सगळ्या गावाची छाती फुगली, आणि आता प्रत्येकाला वाटतंय आपलं पोरगं पण तिथं जाणार, म्हणून एकेका गोलसाठी पालक जीव टाकायला लागलेत.
माझ्या मते चूक समोरच्या कोचची. गोल झाल्या झाल्या त्यानं आपल्या पोरांना बाजूला उभं करून तुम्हाला एक गोल मारू द्यायला पाहिजे होता. असं झालेलं आहे भावा. एप्रिल २०१९, इंग्लंडमधले क्लब लीड्स विरुद्ध ॲस्टन व्हिला, व्हिलाचा प्लेयर पडलेला असताना लीड्सनं गोल केला, दंगा झाला, आणि लीड्सचा कोच बिएल्सा टचलाईनवरून ओरडून सांगायला लागला की त्यांना गोल करू द्या. व्हिलाचा अडोमा बॉल घेऊन चालत गेला आणि गोल केला, लीड्सचाच एक डिफेंडर मध्ये अडवायला धावला होता तरी. मॅच १-१. लीड्सला पुढं वरच्या लीगमध्ये जायला प्लेऑफ खेळावा लागला, त्यात हरले, त्या वर्षी वर गेले नाहीत. तरी फिफानं त्या वर्षीचा फेअर प्ले अवॉर्ड त्यांना दिला. हे लाखो लोकांसमोर करता येतं तर आपल्या मैदानावर का नाही.

ग्रासरूट_कोच_पुणे
राईटबॅक दादा, उदाहरण भारी आहे पण बिएल्साच्या हाताखाली पक्के व्यावसायिक खेळाडू होते. बारा-तेरा वर्षाच्या पोराला ही रीत कोणी सांगितलेलीच नसते. फेब्रुवारी १९९९ मध्ये इंग्लंडच्या एफए कपला आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेडची मॅच अशीच झाली, शेफील्डच्या गोलकीपरनं जखमी खेळाडूसाठी बॉल बाहेर मारला, आर्सेनलच्या पार्लरनं परत द्यायला म्हणून थ्रो टाकला, आणि कानू, त्याची क्लबसाठी पहिलीच मॅच, तो बॉल घेऊन पळाला, ओव्हरमार्सला पास, गोल. नंतर आर्सेनलचे कोच वेंगरनी स्वतःहून पुन्हा मॅच खेळू म्हणून सांगितलं, मॅच परत झाली आणि आर्सेनलच परत २-१ जिंकलं. कानूसारख्या प्लेयरचा असा गोंधळ होतो तर समोरच्या पोरांना लबाड ठरवायच्या आधी त्यांना कोणी शिकवलं होतं का ते विचारा.
रंकाळा_काठ, मला खरी काळजी तुमच्या कोचच्या वाक्याची वाटते. शिट्टीपर्यंत खेळा हे मीही शिकवतो, कारण लीड असताना मुद्दाम लोळणारी पोरं आता या वयातही दिसतात आणि बॉल बाहेर मारायच्या रीतीचा ते फायदा घेतात. पण "बघायचं नाही" हे वेगळं झालं. मी पोरांना सांगतो, कोणी पडलं की हात वर करून रेफ्रीला ओरडून सांगा, डोक्याला लागलं असेल तर सगळं सोडून थांबा, गोल गेला तरी चालेल, माझ्याकडून कोणाला एक शब्द ऐकावा लागणार नाही. मुलाला सांगा की त्यानं केलं ते बरोबर होतं, आणि पुढच्या वेळी त्याच्या जोडीला रेफ्रीला हाक मारायची.

सातासमुद्रापार_आई
आम्ही इंग्लंडमध्ये असतो, मुलगी दहा वर्षांची आहे, लीग खेळते. इथे अकरा वर्षांखालच्या मॅचेसचे निकाल आणि पॉइंट टेबल छापायला एफएची (इथल्या फुटबॉल संघटनेची) परवानगीच नाही, आणि पालकांनी दोरीच्या मागे उभं राहायचं, २००८ पासून रिस्पेक्ट नावाची मोहीम आहे त्यातलं हे. ओरडणारे बाबा इथेही आहेत हो, पण दोरी असली की निदान आत घुसायला कोणी धजत नाही. तुमच्याकडे एक दोरी बांधायला फार खर्च नाही, लीगवाल्यांना विचारून बघा.

रंकाळा_काठ
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रोटेस्ट द्यायचा विचार सोडला. पोराला ड्रॉप बॉलचा नियम सांगितला तर तो लगेच म्हणाला, मग मी सरांना हाकच मारायला पाहिजे होती ना, म्हणजे त्याला कळलंय. लीगला पत्र देतोय, त्यात दोनच गोष्टी, पालकांसाठी दोरी, आणि मॅचच्या आधी रेफ्रींनी दोन्ही कॅप्टनना सांगावं की कोणी पडलं तर काय करायचं. आमच्या कोचशी समोर बसून बोलणार आहे, ते माणूस म्हणून चांगले आहेत, त्या दिवशी रागात बोलले. शिट्टीवाला सर, पत्रात अजून काही घालू का?

शिट्टीवाला
घाला. उपचार घेतलेल्या खेळाडूला बाहेर पाठवायचा नियम लहानांच्या मॅचलाही पाळा, हे स्पष्ट लिहा, लोळायचं प्रमाण त्यानं बरंच कमी होतं. आणि फक्त कॅप्टन नको, दोन्ही कोचना पण त्या वेळी शेजारी उभं करायला सांगा. पत्रावर समोरच्या टीमच्या एखाद्या पालकाची सही मिळाली तर बघा, लीगवाले जास्त मनावर घेतील.