मुलीला ग्रहांच्या पोटातलं शिकायचंय, पोटापाण्याचं काय?

विट्याचा बोअरवाला:
नमस्कार मंडळी. विट्यात आमची बोअरची गाडी आहे, वीस वर्षं हाच धंदा. थोरली बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, ग्रहांच्या आत काय असतं त्यावर पीएचडी करायचीय." पाचशे फुटांवर पाणी लागेल की नुसता धुरळा, ते मला छातीठोक सांगता येत नाही, आणि ही मंगळाचं सांगणार! अडवायचं नाहीये. पण अशी नोकरी असते का?

सांगलीचा पाव्हणा:
बीएड करा म्हणावं. विषय संपला.

भूकंपवाली, कराड:
पाव्हणं, दमानं.
दादा, हॅमरचा आवाज बदलला की दगड बदलला, हे तुम्हाला न बघता कळतं ना? माझं काम तेच. भूकंपाच्या लाटा कुठे वाकल्या, कुठे अडल्या ते बघायचं. मंगळावर २०१८ मध्ये इनसाइट यान उतरलं. त्यावर ठोके मारत स्वतःच खाली जाणारा खिळा होता. जायचं होतं ५ मीटर, पण मातीनं पकडच दिली नाही. ४० सेंटीमीटरचा खिळा जेमतेम बुडाला आणि २०२१ च्या जानेवारीत नाद सोडला. बोअर फेल! पण सोबतच्या भूकंपमापकानं तेराशेवर हादरे टिपले, त्यावरून मंगळाचा गाभा केवढा ते काढलं.

आता पैशाचं. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन भूभौतिकीत, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या फिजिक्समध्ये एमएस्सी, मग नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००. पीएचडीला पाच-सहा वर्षं, पुढे तात्पुरत्या जागा. मला कायमची नोकरी चौतिसाव्या वर्षी लागली. तोवर दर गणपतीत घरी लग्नाचा विषय. नोकरीची मुख्य ठिकाणं म्हणजे हैदराबादची एनजीआरआय आणि अहमदाबादची पीआरएल या सरकारी संशोधन संस्था, आयआयटी, आणि आयसर ही विज्ञान शिकवणारी संस्था. फक्त ग्रहच म्हणून अडून बसली तर अवघड आहे, पण हेच शिकून भूजल, तेल, खाणी इकडे पोट भरतं. आणि दुर्बीण विसरा, दिवसभर कॉम्प्युटरच.
कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर बोअर मारलंय. तिला त्याबद्दल वाचायला सांगा.

विट्याचा बोअरवाला:
३ किलोमीटर?? केसिंग, म्हणजे भोकातला पाईप, किती घातला ताई? रॉड अडकला तर काढतात कसा?
पोरगी शेजारीच बसलीय. विचारतेय, कॉम्प्युटरची भाषा कुठली, पायथॉन शिकू की फोरट्रान?

भूकंपवाली, कराड:
पायथॉन. फोरट्रान पीएचडीचे गाईड शिकवतीलच, नको म्हटलं तरी. केसिंगचं फोनवर बोलू, मोठी गोष्ट आहे.